अण्णाच्या छातीवरची मेडलं

अण्णा गेल्याचं मला निपाणीच्या फ्लेक्सवाल्याकडून कळलं. "सर, अण्णांचा फोटो कुठला घालू? कर्नलसाहेबाचा घालू का?" आमच्याकडं माणूस जळायच्या आधी चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. रडू यायच्या आधी मी म्हणालो, "घाल."

दत्तूअण्णा माझा चुलतभाऊ. सतरा वर्षं फौजेत होता, तीही सगळी लंगरात, रोट्या भाजत. पेन्शनीत आल्यावर भरदार मिशांच्या जोरावर कोल्हापुरात मालिकांमध्ये कामं करू लागला. वॉचमन, हवालदार, एकदा तर प्रेत! "अण्णा, मेलास लई झकास," म्हणत आम्ही फिदीफिदी हसायचो. तोही हसायचा. मग एकदाचा कर्नल मिळाला. सेटवर मी सोबत होतो. कपडेवाल्यानं त्याच्या छातीवर पाच मेडलं टोचली, मी फोनवर फोटो काढला. अण्णानं आरशात बघितलं आणि एकेक मेडल काढून टेबलावर ठेवलं. "आपल्या गल्लीतल्या पार्वतीआक्काच्या पोराला मरून एक मिळालं. त्याला शेवटची रोटी मी वाढलीया. मी ही घालून मिरवू व्हय?" दिग्दर्शकानं दोनदा समजावलं, मग दुसऱ्याला उभं केलं. बसमध्ये अण्णा एवढंच म्हणाला, "बाळू, तेवढा फोटो काढून टाक रं." मी व्हय म्हणालो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. इतका रुबाबदार तो कधी दिसलाच नव्हता... त्यानंतर त्याला प्रेताचंही काम कुणी दिलं नाही.

तोच फोटो चौकात लागला, माणसाहून मोठा. पार्वतीआक्का काठी टेकत आली, बराच वेळ खाली उभी राहिली. "मास्तर, दत्तूला एवढी मिळालती व्हय? कधी बोलला न्हाय." भोवती सगळी गल्ली होती.

"व्हय आक्का," मी म्हणालो. माझी लाज वाचली.

बाराव्याला ती परत आली. पदराच्या गाठीतून पोराचं मेडल सोडलं आणि अण्णाच्या फोटोपुढं ठेवलं. "माझ्यामागं हे कोण सांभाळणार? दत्तूची एवढी हाईत, त्यात हेबी ऱ्हाऊ दे." वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी फोटोचा हार सरळ करत बसलो.

फ्लेक्स आता वहिनींच्या जळणावर झाकलाय. घरातल्या फोटोत खोटी पाच, आणि खाली खरं एक. अण्णाला आरशासमोर क्षणभर सोसलं नाही ते मी त्याच्या छातीवर कायमचं टोचलं. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत, पण आक्कालाही काही सांगत नाहीत. ती रोज संध्याकाळी येते, पदरानं मेडल पुसते आणि जाताना फोटोला म्हणते, "सांभाळ रं, दत्तू."