मनकर्णाबाईंची मुकी गणती

तेलंगणातल्या तामसीजवळच्या एका खेड्यात मनकर्णाबाई भाजीपाला पिकवत आणि दिवसभर बोलत. समोर कुणी नसलं तर भेंडीच्या झाडांशी बोलत. जंगलखात्यानं जनावरांच्या गणतीसाठी त्यांना घेतलं, तेव्हा अख्खं गाव हसलं. पण फॉर्म तेलुगूत होता, आणि बाई सातवीपर्यंत तेलुगू शाळेत शिकलेल्या.

जोडीला उद्धवराव होते. वीस वर्षं जंगलात राखणीला असलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. आखून दिलेल्या दोन किलोमीटरच्या वाटेनं सकाळी गुपचूप चालायचं, दिसेल ते जनावर मोजायचं आणि बाईंनी लिहायचं, असं काम.

पहिल्याच दिवशी सागात नीलगाई दिसल्या.

"अवो माय, केवढ्या ह्या!" बाई बोलून गेल्या. कळप उधळला. फॉर्मवर आकडा काय टाकावा, कळेना.

"बाई, तुमी मोजाले आल्या का बोलाले?" उद्धवरावांनी विचारलं.

बाई ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी पदर दातांत धरूनच चालल्या. आधी जीव गुदमरला, मग मात्र मजा वाटू लागली. पाचोळ्यातली सळसळ मोराची की रानडुकराची, हे दिसण्याआधी त्या ओळखू लागल्या.

तिसऱ्या सकाळी ओढ्याच्या वळणावर त्या थबकल्या. पलीकडे वाळूत तांबूस रानकुत्रे बसले होते, आणि त्यांच्या भोवती पिल्लं लोळत होती. या भागात बारा वर्षांत रानकुत्रा दिसला नव्हता. उद्धवरावांना राहवेना.

"अवो बाई, थे पा..."

बाईंनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. सहा मोठे, पाच पिल्लं. एकही हललं नाही.

फॉर्म पाहून दामिनी मॅडम, म्हणजे तिथल्या वन अधिकारी, म्हणाल्या, "गावातलीच कुत्री असतील."

"गावच्या कुत्र्यायले असे गोल कान अन् काळी झुपकेदार शेपटी कधी पाह्यली का मॅडम?" बाईंनी विचारलं.

मॅडमनी ओढ्याकाठी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. आठवड्यानं त्यातले फोटो पाहिले, तर पाचही पिल्लं त्यात होती. एक तर कॅमेऱ्याचा पट्टाच चावत होतं. मॅडम हसत सुटल्या आणि त्यांनी बाईंचा आकडा तसाच वर पाठवला. उद्धवरावांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या गणतीला बाईंनी डोंगराकडची लांबची वाट मागून घेतली. तिकडे अस्वलं आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं.