डावा ब्रेक

नव्या देशात येऊन पोरीला सात आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत तिच्यावर कुणी एकदाही ओरडलं नव्हतं. तिला त्याचीच जास्त धास्ती. रस्त्यावर चिटपाखरू नसताना माणसं लाल दिव्यापाशी थांबतात, कारखान्याचे मोठे साहेब आपला कप आपण विसळतात, झाडूवाल्या बाईशेजारी बसून डबा खातात, हे सगळं तिनं डोळे फाडफाडून पाहिलं होतं. पण न ओरडणारा साहेब? असला माणूस मनात काय काय लिहून ठेवत असेल कोण जाणे.

तिला आणलं आत्यानं. आत्या इथे सतरा वर्षं राहिली, जीभ मात्र तिखट ती तिखटच. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "दोन महिन्यांनी सुपरवायझरची सही झाली तर राहशील, नाहीतर आलीस तशी परत. मान खाली, हात चालू. मोठ्यांच्या तोंडी लागायचं नाही."

कारखाना व्हीलचेअरचा. पट्ट्यावरून खुर्ची सरकत यायची. पोरीच्या आधी एक साठीची बाई ब्रेक बसवायची. पोरगी तिला काकू म्हणायची. काकूंनी नट आवळले की पोरीनं ब्रेकच्या मुठींवर रबर चढवायचं. प्रत्येकीच्या डोक्यावर एक पिवळी दोरी लोंबत होती. शंका आली की ओढायची, मग सगळा पट्टा थांबणार. पोरीनं मनाशी ठरवून टाकलं, जी ओढेल ती घरी जाईल.

काकू म्हणजे लाख माणूस. पोरीच्या बोटांना फोड आले तेव्हा त्यांनी आपले हातमोजे काढून तिला घातले होते. पोरीचा त्यांच्यावर जीव जडला. म्हणून तर एका सोमवारी डावा नट ढिला दिसला तेव्हा तिनं आधी आपलेच डोळे चोळले. पुढच्या खुर्चीचाही तसाच. डाव्या बाजूला हात उलटा वळवावा लागायचा आणि काकूंच्या मनगटात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. त्यांना वाटायचं, आवळला.

आता आईपेक्षा मोठ्या बाईला तिची चूक दाखवायची कशी? वर तिची नोकरी गेली तर ते पाप कुणाच्या माथी? पोरीनं खिशात एक पाना ठेवला आणि रबर चढवता चढवता गुपचूप नट आवळू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या सफाईनं करायची की कुणाला पत्ता नाही. कौतुक करावं की कान उपटावेत, तुम्हीच सांगा. पण दोघींचं काम एकीनं करायचं म्हणजे उशीर हा होणारच. सुपरवायझर म्हणाला, "हात मंदावलाय तुझा. शुक्रवारी सहीच्या वेळी बोलू." भीड ही भिकेची बहीण, ती अशी.

गुरुवारी तिला सटासट तीन शिंका आल्या आणि तेवढ्यात खुर्ची पुढे गेली. नट आवळला होता का? काही केल्या आठवेना. खुर्ची खोक्यांच्या दिशेनं चाललेली. कुणी म्हातारा उतारावर याच ब्रेकच्या भरवशावर बसेल, हा विचार आला आणि तिनं दोरी ओढली.

पट्टा थांबला. सुपरवायझर आला तशी ती म्हणाली, "माझी चूक. एक नट बघायचा राहिला."

खुर्ची मागे आणली. नट ढिलाच होता. काकूंनी तो चाचपला, मग पोरीच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. "नट माझं काम आहे. तू कधीपासून आवळतेस?"

"तीन आठवडे झाले. तुम्ही मोठ्या. तुम्हाला कसं सांगू?"

काकूंचा चेहरा उतरला. "मागच्या आठवड्यात दोन दिवस तू तापानं घरी होतीस," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोण आवळत होतं?"

त्या दोन दिवसांचा पोरीनं विचारच केला नव्हता. आपण काकूंना सांभाळून घेतोय असं तिला वाटत होतं.

सुपरवायझरनं कुणालाही बोल लावला नाही. त्या दोन दिवसांच्या खुर्च्या अजून गोदामातच होत्या. सगळे तिकडे गेले. काकू सगळ्यांत आधी गुडघे टेकून बसल्या आणि नट ढिला निघाला की स्वतःच मोठ्यानं सांगू लागल्या. नऊ निघाले. नऊ वेळा सांगितलं, आवाज एकदाही खाली आला नाही. अशा बाईसमोर कुणीही हात जोडावेत.

शुक्रवारी सुपरवायझरनं दोघींना बसवलं. काकूंना सोमवारपासून सीट शिवायच्या टेबलाशी जागा दिली होती. पोरीचा सहीचा कागद अजून कोराच होता. "दोन महिन्यांत तू दोरी ओढलीस ती एकदा," तो म्हणाला. "जिला कधी शंकाच येत नाही, तिच्या हातात खुर्ची कशी देऊ? आणखी काही राहिलंय सांगायचं?"

कालपासून एक गोष्ट तिनं मनातच ठेवली होती. तिनं काकूंकडे पाहिलं. त्यांनी नजर हटवली नाही.

"उजव्या ब्रेकच्या नटाखालची चकतीसुद्धा," ती म्हणाली, "काकू, कधी कधी तुमच्याकडून राहते."

काकूंनी डोळे पुसले, कागद उचलला आणि सुपरवायझरपुढे ठेवला.

"करा सही," त्या म्हणाल्या. "आणि गोदामाची किल्ली द्या, आम्ही दोघी जाऊन येतो."