चेन गळ्यापर्यंत

रविवारी भाऊ मोटारसायकलवरून नांदेडहून लातूरला निघाला. अहमदपूरच्या अलीकडे तो पडला. दुपारी दवाखान्यातून फोन आला, तो गेला होता.

भाऊ सैन्यात हेलिकॉप्टरवर होता. उड्डाणात यंत्रांची देखरेख त्याच्याकडे असे. सुट्टीत तो आधी नांदेडला माझ्याकडे उतरायचा. मी इथे कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या खेपेला त्याने उड्डाणाचा एक जुना ओव्हरऑल आणला होता. अंगभर, हिरवा, पुढे चेन असलेला. खिशाची शिवण उसवली होती. मी सुईत दोरा ओवायला लागले तर त्याने रीळ हातातून काढून घेतले. नायलॉनचा दोरा चालत नाही, आगीत वितळून अंगाला चिकटतो, म्हणाला. आतला बनियनही सुतीच हवा. बाह्या मनगटापर्यंत, चेन गळ्यापर्यंत, बाहेर काही लोंबता कामा नये. डाव्या छातीवर नाव, उजव्या दंडावर सध्याच्या तुकडीचा कापडी बिल्ला. जुन्या तुकडीचा काढून ठेवायचा. मी खिसा शिवत होते आणि तो सांगत होता. मला ते ऐकायला आवडले. माझा दिवसही प्रत्येक पुस्तक त्याच्या जागी ठेवण्यातच जातो.

आईने त्याला त्या पोशाखात कधी पाहिले नव्हते. कामाबाहेर तो घालायचा नाही, हाही नियमच. चुलत बहिणीच्या लग्नात तरी घाल, म्हणून ती मागे लागली होती.

"आई, ह्ये घालून मांडवात आलो तर लोक म्हणतील, पोरगं गॅरेजातून थेट जेवायलाच आलंय," तो म्हणाला होता.

आता आई एवढेच म्हणत होती, की त्याला तोच घाला, मला एकदा बघू द्या. तिला नियम सांगायचा कोणी? तेवढा एक मी मोडू दिला. बाकीचे पाळले जावेत, असे मात्र मला फार वाटत होते.

सोमवारी सकाळी लातूरच्या घरी मामांनी भावाची पेटी उघडली. मामांचे उदगीरला कापडाचे दुकान. पेटीत त्यांना चार बिल्ले सापडले, नव्या-जुन्या तुकड्यांचे. सोबत आणलेल्या दुकानातल्या शिंप्याकडून त्यांनी चारही शिवून घेतले. दोन दंडांवर, एक छातीवर, एक पाठीवर. त्यांच्या लेखी ती भाच्याची कमाई होती. भावाच्या तुकडीतले लोक तासाभरात पोचणार होते. मोठ्यांपुढे मी सहसा बोलत नाही.

"मामा," मी म्हणाले, "तो असा बाहेर पडला नसता."

मामांनी ओव्हरऑल परत शिंप्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "उसव. अक्का सांगंल तसं लाव."

शिंप्याने ब्लेडने एकेक टाका काढला, धागे वेचून घेतले. दोरा सुती हवा म्हटल्यावर त्याने का ते विचारले नाही. एकच बिल्ला उजव्या दंडावर परत बसला. भावाला ओव्हरऑल घातल्यावर चेन मी स्वतः गळ्यापर्यंत ओढली.

आमच्या लिंगायतांत पुरण्याआधी देहाला बसवतात आणि गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. विधी करायला आलेल्या जंगमांनी ते मागितले. ते आत, बनियनच्याही खाली होते. माझा हात चेनपाशी जाऊन थांबला. सगळे खोळंबले. भावाचे वरिष्ठ शेजारीच उभे होते, साताऱ्याकडचे.

"सर, गळ्यापर्यंतच लागते ना?" मी विचारले.

"उडताना लागते, ताई. आता त्याची ड्यूटी संपली. इथं तुमचे नियम."

ते गुडघ्यावर बसले. चेन छातीपर्यंत त्यांनीच खाली घेतली, इष्टलिंग बाहेर काढून जंगमांच्या हाती दिले आणि कॉलर सारखी केली. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"शोभतंय," ती म्हणाली.

मामांनी वाद घातला नाही, शिंप्याने घाई केली नाही, सरांनी माझा प्रश्न वेडेपणाचा मानला नाही. त्या दिवशी मला कोणाचेच आभार मानायला सुचले नाही. ते इथे मानते.

आता लातूरच्या घरी आई असते. मी शनिवारी बसने तिच्याकडे जाते आणि सोमवारी सकाळी नांदेडला परत येते.