अर्धंच घेणाऱ्या नर्सबाई

आमच्या नर्सबाईंना कुणी काही देऊ केलं, तर त्या त्यातलं अर्धंच घ्यायच्या. निरवांगीच्या उपकेंद्रासाठी एका बागायतदाराने वडिलांच्या स्मरणार्थ दोन पंखे आणले होते, पात्यांवर नाव रंगवून. बाईंनी एक ठेवून घेतला आणि दुसरा परत जीपमध्ये ठेवायला लावला. पुढचे दोन उन्हाळे दुसऱ्या खोलीतल्या बाळंतिणी घामाने भिजत होत्या आणि बाईंना नावं ठेवत होत्या. तिसऱ्या वर्षी बचतगटाच्या बायकांनी मिळून पंखा आणला. तो बिघडला की त्यातल्याच दोघी तो उतरवून इंदापूरला दुरुस्तीला न्यायच्या. बागायतदाराचा पंखा बिघडला तेव्हा मात्र सगळे बागायतदाराची वाट बघत बसले.

बाई मूळच्या वरकुट्याच्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि घरात पहिली शाळेत गेली ती बाईंची आई. बाई नर्स होऊन आमच्या गावात आल्या आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिल्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. जन्मल्यावर झोळीच्या काट्यावर जेवढं किलो वजन भरलं, तेच त्या माणसाचं नाव, मग तो सरपंच का होईना. भर ग्रामसभेत त्या म्हणायच्या, "सव्वातीन, जरा खाली बस, मागच्यांना दिसंना." माझं नाव पावणेदोन. मी जगेन असं कुणालाच वाटलं नव्हतं. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो तेव्हाही त्यांनी मला आधी खाली-वर बघितलं आणि म्हणाल्या, "पावणेदोन, भरलास की रं."

बारावीनंतर मला बारामतीच्या कॉलेजला जायचं होतं. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. इंदापुरात खतं-बियाण्यांचं दुकान असलेले हसनभाई माझा सगळा खर्च उचलायला तयार होते. बाईंनी त्यांच्याकडून फक्त एसटीचा पास घेतला. पुस्तकं एका मास्तरांकडून घेतली, कॉलेजची फी नोकरदार मंडळींच्या विहार समितीकडून, आणि जेवणाचा डबा माझ्या चुलत्याच्या गळ्यात घातला, जो आमच्याशी बोलतही नव्हता. हसनभाई रुसले. मलाही अवघड वाटलं, कारण चार दारांत उभं राहण्यापेक्षा एका दारात उभं राहणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "एकाचं सगळं घेतलंस तर तू त्याचा होशील. चौघांचं घे, म्हंजी गावाचा होशील." मी पदवीधर झालो त्या दिवशी चारही दारांत पेढे वाटले गेले. चुलत्यांनी तर माझ्याआधीच वाटले.

निवृत्तीनंतर बाईंनी ओढ्याकाठच्या रानांचा विषय हातात घेतला. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी आणि ऊस, त्यामुळं ती जमीन खारवली होती. उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर दिसायचा आणि गहू वीतभर वाढून पिवळा पडायचा. एकोणीस घरांची रानं होती. त्यावर उपाय एकच, जमिनीखालून छिद्रांचे पाइप टाकून खारट पाणी ओढ्यात काढायचं. पण हे एकट्याच्या रानात करता येत नाही, पाइप सगळ्यांच्या बांधांखालून जातो. बाई घरोघरी फिरू लागल्या. हसनभाईंनी थोडे पाइप द्यायचे, विहार समितीने थोडे, बारामतीच्या एका डॉक्टरांनी थोडे, आणि एकोणीस घरांनी चर खोदायचा. दोन वर्षांत बारा घरं हो म्हणाली. सगळ्यांत वरच्या अंगाला रान असलेले तात्या म्हणायचे, "माझं रान कुठं खारावलंय? मी का खोदू?" त्यांच्याच उसाचं पाणी झिरपून खाली येत होतं, हे बाई त्यांना दर आठवड्याला जाऊन सांगायच्या आणि भांडून परत यायच्या.

तोवर मी पुण्यात एका कंपनीत लागलो होतो, समाजकार्याला मदत देणाऱ्या विभागात. बाईंचे कष्ट मला बघवेनात. मी साहेबांच्या मागे लागलो आणि सगळाच्या सगळा खर्च मंजूर करून आणला. विहारात बैठक झाली. मी उभा राहून सांगितलं की आता कुणी काही द्यायचं नाही, खोदायचंही नाही, मशीन येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुकट आहे म्हटल्यावर तात्यांनीही सही केली. बाई एवढंच म्हणाल्या, "कंपनीचं अर्धं घेऊ, अर्धं आपलं आपण करू." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही. मला वाटलं, मी त्यांचे उपकार फेडतोय.

काम झकास झालं. दुसऱ्या वर्षी गहू कमरेला लागला. कंपनीचे साहेब येऊन फोटो काढून गेले. तिसऱ्या वर्षी पाइप जिथं एकत्र येतात त्या चेंबरमध्ये गाळ आणि मुळ्या अडकल्या, पाणी तुंबलं, आणि मला पुण्याला फोन येऊ लागले, "तुमच्या कंपनीचा पाइप तुंबलाय, माणूस धाडा." कंपनीत प्रकल्प पूर्ण झाल्याची नोंद झाली होती आणि पैसा दुसऱ्या तालुक्यात गेला होता. खोरं आणि दोन माणसं, एवढंच तर काम होतं. पण कुणी हात लावेना.

मी गावी गेलो तेव्हा बाई चेंबरच्या सिमेंटच्या झाकणावर छत्री घेऊन बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली. झाकण उचलायला दोघं लागतात, म्हणून वाटेने जाईल त्याला हाक मारायची आणि थांबवायचं, असा त्यांचा तिसरा दिवस चालू होता. मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे." त्यांनी ते मान्यही केलं नाही आणि खोडूनही काढलं नाही. म्हणाल्या, "हितं धर. पाठीतनं नको, गुडघ्यातनं उचल."

त्यानंतर मी दर रविवारी येऊ लागलो. ठरलं असं की दर पौर्णिमेला एका घराने चेंबर साफ करायचे, आणि फुटके पाइप बदलायला पूर्वीच्याच मंडळींनी थोडं थोडं द्यायचं. हसनभाईंकडे गेलो तर त्यांनी आधी दुकानातली सगळी गिऱ्हाइकं संपवली. मग म्हणाले, "कंपनी व्हती तवा आमाला बैठकीला बी बोलावलं न्हाय. आता आठवण झाली व्हय?" त्यांनी पाइप दिले, आणि वर म्हणाले की पुण्याला जाऊन बाईंएवढी अक्कल येत नसते. त्यांचं खरं होतं.

त्याच पावसाळ्यात बाईंची किडनी गेली. बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी विचारलं, "किती घरं झाली?" मी म्हणालो, "अठरा." त्या म्हणाल्या, "तात्याकडं मोकळ्या हातानं जा. काय बी घिऊन जाऊ नगो, त्याला वाटंल लाच हाय." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी त्या गेल्या. वंदना म्हटली गेली, माणसं रडली, हसनभाई भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मी खुर्च्या मांडल्या, पाण्याचे जार आणले, नंतर खुर्च्या परत मोजून दिल्या. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघत होतो.

पुढच्या रविवारी तात्यांकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "कशाला आलास?" मी सांगितलं की त्यांच्या पाळीची पौर्णिमा रिकामी राहते. त्या महिन्यात गाळ साठतो आणि खालची तीन रानं पुन्हा ओलावतात. तात्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "बाई असती तर न्हाय म्हणालो असतो. तिच्याशी भांडाया बरं वाटायचं. तुझ्याशी काय भांडायचं?"

त्या पौर्णिमेला तात्या स्वतः आले, खोरं खांद्यावर टाकून. आम्ही दोघांनी झाकण उचललं. त्यांनी तासभर गाळ काढला. एकोणीस घरं झाली. मला आनंद व्हायला हवा होता, किंवा निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. मी ओढ्याच्या कडेला उभा राहिलो. पाइपच्या तोंडातून आधी काळं, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी पडू लागलं. तात्यांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले आणि म्हणाले, "खारट हाय. चालू झालं."