आमचं घर सोडून वाचा

झेंडावंदनाच्या भाषणांवर माझा फारसा विश्वास नाही. पेणहून एसटीने खाडीकाठच्या ज्या गावात मी शिकवायला जात असे, तिथे सव्वीस जानेवारीला पाहुण्यांचं स्वागतच इतकं लांबायचं, की प्रजासत्ताकाची पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर येई. संविधानाची उद्देशिका मात्र दरवर्षी वाचली जाई. तो मान गावकीच्या पुढाऱ्याचा. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. आवाज खणखणीत. उद्देशिका ते आरतीसारखी म्हणत, अर्थाचा विचारही आरतीइतकाच करत.

गावकी म्हणजे कर्त्या पुरुषांची बैठक. कायद्यात तिला जागा नाही. गावात तिच्याशिवाय पान हलत नसे. त्या वर्षी मिठागरात काम करणारा एक तरुण गावकीला न विचारता पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. गावकीने त्याचं घर वाळीत टाकलं. त्या घराशी जो बोलेल त्याला दंड. संक्रांत झाली, घरोघर हळदीकुंकू सुरू झालं. त्याच्या बायकोला कुठून बोलावणं नाही, आणि तिचा उंबरा कोणी ओलांडायचा नाही.

झेंड्याला ती आली, एकटीच कडेला उभी राहिली. आबांनी उद्देशिका वाचली, टाळ्या झाल्या, तशी ती पुढे आली.

"आबा, तुमी आता 'आम्ही, भारताचे लोक' म्हनलात. त्यात आमचं घर धरलंय का नाय?"

तिला उत्तर देणं हाच गुन्हा. म्हणून आबा माझ्याकडे बघून बोलले. "गुरुजी, आज झेंड्याचा दिवस हाय. गावकीचं गावकीत बघू."

"म्हंजे नाय धरलं," ती म्हणाली. "मंग परत वाचा, आबा. आमचं घर सोडून वाचा."

आबांनी कागद वर धरला. पहिल्याच शब्दाशी तो खणखणीत आवाज अडला. इतक्या वर्षांत ते वाक्य कोणाच्या घशात अडकलेलं मी प्रथमच पाहत होतो.

मग बायकांच्या घोळक्यातून आबांचीच बायको उठून तिच्यापाशी गेली.

"घरी हळदीकुंकू हाय ना गो?"

"हाय की."

"मंग चल. आमी सगल्या येतो."

आणि त्या निघाल्या. आबांच्या घरची पुढे, मागे बाकीच्या कारभाऱ्यांच्या घरच्या, मागून सगळं बायकांचं गाव. इकडे पाहुणे आभारप्रदर्शन ऐकत राहिले. आभार मानायला ज्या माता-भगिनी होत्या, त्या मिठागराच्या बांधावरून हसत चालल्या होत्या.

संध्याकाळी दंड बसवायला गावकी बसली. प्रत्येकाला तो स्वतःच्याच घरातून भरावा लागणार, हे कळल्यावर बैठक चहा पिऊन उठली. ते घर पुन्हा गावात आलं.

पुढच्या वर्षी वाचायला आबांनी तिलाच पुढे केलं. 'आम्ही' म्हणून ती थांबली. पंगतीत कोणाचं पान रिकामं तर नाही ना, हे बघावं तशी तिने मैदानभर नजर फिरवली, आणि मगच पुढचं वाचलं.