हेवीचं लायसन

आंबवड्याच्या फाट्यावर ते रोज जीप घेऊन उभे असत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही.

पदवीच्या शेवटच्या पेपराला भोरला जायला आम्ही अठरा जणांनी मिळून एक बस ठरवली होती. तिचा ड्रायव्हर फाट्यावरच चक्कर येऊन बसला. पेपर चुकला तर वर्ष जाणार होतं, आणि माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच.

"मामा, ही बस पटांगणात तुमीच वळवून लावता की. चला घेऊन," एकजण म्हणाला.

"बस येती मला. पन लायसन हलक्या गाडीचं हाय. रस्त्यावर एवढी मानसं न्यायची तर हेवीचं लागतं."

"मामा भ्यालं!"

"व्हय, भ्यालो. उद्या कुनाच्या आईनं इचारलं, तर काय दावू?"

त्यांनी नऊ जण मोजून जीपमध्ये बसवले आणि दहाव्याला उतरवलं. तो दहावा मी होतो. मला फार राग आला. पण ते परत आले आणि घंटा व्हायच्या आत त्यांनी आम्हालाही पोचवलं.

दोन वर्षांनी भोरच्या स्टँडबाहेर एका मोठ्या बसच्या स्टिअरिंगवर मामा दिसले. तोवर मी नोकरीला लागलो होतो.

"मामा, लायसन?" बसमध्ये चढत मी चेष्टेनं विचारलं.

त्यांनी शर्टाला हात पुसले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून लायसन काढून माझ्या हातात दिलं. मी ते वाचून परत देईपर्यंत त्यांनी गाडी सुरू केली नाही.