दोन डोंगरांमधला सूर्य

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबांच्या हाताला निळा रंग लागलेला होता. पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स चंद्रपूरहून दुपारची सुटायची, आणि बाबा सकाळपासून विहाराच्या भिंतीपुढं उकिडवे बसून नदी रंगवत होते. शेवटी आई तिथं जाऊन ओरडली, "पोरगी घर सोडून चालली, अन तुमचं पानीच नाई सरून राह्यलं!" बाबा उठले, हात न धुताच मोटरसायकल काढली. माझ्या नव्या बॅगेच्या पट्ट्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले आणि मी स्टँडपर्यंत त्यावरून कुरकुरत गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून एक दुधाची पिशवी आत दिली. पिशवीत माती होती आणि मातीत पिंपळाचं चार पानांचं रोप. "संघमित्रा नाव ठेवलं तुझं," ते म्हणाले. "थे पहिली संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली होती. तू बी रिकाम्या हातानं नको जाऊ." आणि गाडी हलल्यावर, धावत धावत, "पहिले तिथली झाडं पाहजो! मंग मानसं समजतीन!"

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही जे पुनर्वसनाच्या नव्या वस्तीतल्या प्लॉटवर पत्रे ठोकून बसला आहात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे हिंजवडीत, नागपुरात, कुठं कुठं विखुरलात. गावाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि इतरांनी मोबाईलवर शोधलं तर त्यांना आता त्या नावाची कोळसा खाण सापडते. गाव सापडत नाही.

आपल्या गावाला डोंगर नव्हता, आठवतं ना? बल्लारपूरच्या अलीकडं, वर्धा नदीच्या काठाला, जमीन कशी परातीसारखी सपाट. संध्याकाळी सूर्य नदीपलीकडच्या रानात जायचा आणि शेवटपर्यंत दिसायचा. पण शाळेत गुरुजींनी "निसर्गचित्र काढा" म्हटलं की आपण सगळे दोन त्रिकोणी डोंगर काढायचो, मधून अर्धा सूर्य, त्याला काड्या, डोंगरातून उतरणारी नदी, एक झोपडी, तीनच्या आकड्यासारखे चार पक्षी. फळ्यावर तसंच होतं. एकदा मी ते चित्र घरी दाखवलं, तर बाबा हसायला लागले. "डोंगर कुठी हाये वं आपल्याकडं? डोळ्याले दिसते थे काढ ना!" मी दिसतं ते काढलं. म्हणजे एक आडवी रेघ, रेघेवर एक पिंपळ. गुरुजी म्हणाले, चित्र अपुरं आहे. ते वाईट नव्हते, पण त्यांच्याही गुरुजींनी त्यांना तेच शिकवलं असणार.

बाबा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, ट्रकच्या मागचे, आणि खाण आली तशी खाणीचे. 'सावधान, ब्लास्टिंग क्षेत्र' ही पाटी अजून तिथं आहे आणि तिच्यातला 'स' माझ्या बापाचा आहे, त्याची शेपटी मी कुठंही ओळखीन. बोर्डाच्या पैशानं घर चालायचं आणि उरलेल्या रंगात विहाराची भिंत. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा बांधलेला तो मातीचा विहार. चुन्याचा गिलावा, कौलं. बाबा संध्याकाळी पुस्तकातून आम्हाला बुद्धाचं चरित्र वाचून दाखवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ते भिंतीवर उतरवायचे. आता सांगायला हसू येतं, पण त्यांनी कपिलवस्तू कधी पाहिली नव्हती, हिमालय पाहिला नव्हता. म्हणून त्यांच्या कपिलवस्तूत मोहाची झाडं होती. सिद्धार्थाला दिसलेला आजारी माणूस लुंगी नेसून खोकत बसला होता, आणि तो आपला पेपर मिलमधून घरी बसवलेला दौलतकाका आहे, हे सगळ्या गावाला कळायचं. नदी म्हणजे वर्धा. तिच्या काठी पिंपळ, आणि पिंपळाखाली उपाशी सिद्धार्थापुढं खिरीचं भांडं घेऊन वाकलेली सुजाता.

सुजाताच्या हातात ॲल्युमिनियमचा गंज होता, आपण भात शिजवतो तेच पातेलं. आणि चेहरा आईचा. आईनं हे कधी कबूल केलं नाही. "थे मी नाई होय बाई, सुजाता होय थे," एवढंच म्हणायची आणि पदर सारखा करायची. पण चित्र चाललं होतं तेव्हा तिनंच बाबांना टोकलं होतं, "खीर मनता, पन तांदूळ कोनता?" ती गडचिरोलीकडची, धानाच्या मुलखातली, तांदळाचं नाव कळल्याशिवाय तिला गोष्ट खरी वाटेना. बाबांनी मग सुजाताच्या मागं तिच्या माहेरचं धान काढलं, लोंब्या वाकलेलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. एवढंच की जग कसं असतं ते मला त्या भिंतीनं शिकवलं. दुःख म्हणजे दौलतकाकांचा खोकला, करुणा म्हणजे आईच्या हातातला गंज. इतिहास म्हणजे आपल्या ओळखीच्या माणसांनी आपल्या नदीकाठी केलेली गोष्ट. पुढं आर्ट कॉलेजात मी जगातली मोठमोठी चित्रं पडद्यावर पाहिली, मान दुखेपर्यंत पाहिली. पण कुठलंही चित्र बघताना मी आधी त्यातली झाडं बघते, अजूनही.

पुण्यात पिंपळ टिकला नाही. घरमालकीणबाई भल्या होत्या, रविवारी पोहे द्यायच्या, पण कुंडीत पिंपळ पाहून हबकल्या. "अगं, याची मुळं भिंती फोडतात!" मी तो सोसायटीच्या कोपऱ्यात लावला, माळ्यानं उपटला. नोकरी मला लहान मुलांच्या एका लर्निंग ॲपसाठी चित्रं काढण्याची मिळाली. पहिल्याच आठवड्यात ब्रीफ आलं: इंडियन व्हिलेज, हॅपी मूड. मी सपाट रान काढलं, एक आडवी रेघ, त्यावर पिंपळ. टीम लीड म्हणाला, "नाइस, पण व्हिलेज फील येत नाहीये. मागे दोन हिल्स टाक ना, आणि सनराइज." टाकल्या. मग टाकतच राहिले. आता मी ते चित्र डोळे मिटून काढू शकते. त्याचंच भाडं भरते, त्याचेच पैसे आईला पाठवते.

बाबा गेले त्यानंतर खाण गावाजवळ सरकली. कोळशाच्या वरची माती खणून बाहेर टाकतात, तिला खाणीच्या भाषेत ओबी म्हणतात. गाव आणि नदी यांच्या मध्ये त्या ओबीचा ढिगारा वाढायला लागला. आधी बांधाएवढा होता, मग विहाराच्या कौलांएवढा झाला, मग मान वर करून बघावं लागेल एवढा, आणि त्याच्या शेजारी दुसरा उभा राहिला. नदी दिसेनाशी झाली. दुपारचं ब्लास्टिंग झालं की भांडी फळीवरून उड्या मारायची. आणि एक दिवस आईचा फोन आला, "भिंतीले तडा गेला."

तडा खालून निघाला होता, पिंपळाच्या मुळांतून. मी म्हटलं, आई, आता तरी निघ. लोक चाललेत, तूही नव्या प्लॉटवर जा, नाहीतर माझ्याकडं ये. ती म्हणाली, "मी एकदा घर सोडलं, लग्न झालं तवा. एका जल्मात किती खेप सोडू?" त्यानंतर ती जेवली का, औषध घेतलं का, हे मी विचारायचे आणि ती मला तड्याचं सांगायची. "गंजापर्यंत आला." पुढं, "मनगटापर्यंत आला." मी ऑफिसच्या पायऱ्यांवर उभी राहून ऐकायचे. सुजाताचं मनगट म्हणजे माझ्या आईचं मनगट, आणि त्यावरून एक भेग रोज थोडी थोडी वर चढतेय, आणि मी इथं कुणासाठी तरी ॲपमधल्या कोंबडीला टोपी घालून दाखवतेय! पावसाळ्यात तर जीव नुसता टांगणीला. मोबाईलवरच्या हवामानाच्या नकाशात चंद्रपूरवर लाल ढग दिसला की मला तो ढिगारा दिसायचा, ओला, फुगलेला, आईच्या परसदाराकडं सरकणारा. रडून, भांडून, शपथा घालून झालं. ती नाही म्हणजे नाही.

मग मी भिंत वाचवायला धावले. जुनी चित्रं जपणाऱ्या एका संस्थेला फोन केला. पलीकडचे गृहस्थ अत्यंत नम्र. "किती जुनं आहे?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी काढलंय. ते म्हणाले, "अच्छा. मग तो वारसा नाही हो होत अजून." अजून! आणखी शंभर वर्षं भिंतीनं थांबावं, मग या म्हणे. इतिहास व्हायला वय लागतं, आणि वय व्हायला उभं राहायला जागा लागते. ती आपल्याला कोण देणार होतं? गावातल्या दोघा-तिघांनी भिंत कापून न्यायचं पाहिलं. कोपऱ्यातून करवत घातली तर मोहाचं अख्खं झाड भुगा होऊन खाली आलं. आईनं त्यांना हात जोडून थांबवलं.

शेवटी पावसानंच निकाल लावला. ढिगाऱ्याची एक कड खचली, आईच्या परसातला गोठा मातीखाली गेला, आणि विहाराचं अर्धं छप्पर बसलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले. तडा खांद्यावरून सुजाताच्या गळ्यापर्यंत आला होता. आई तिच्यापुढं बसली होती, बोचकं बांधून. मी म्हटलं, आई, मी फोटो काढून घेतलेत सगळे, एकेक इंचाचे, बघ. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्याच्यात मी लहान दिसून राह्यली," ती म्हणाली.

मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती 'मी' म्हणाली. मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मी बोचकं उचललं आणि आम्ही निघालो. वळणावर सूर्य मावळत होता. दोन ढिगाऱ्यांच्या मधून डंपरचा रस्ता जातो, बरोबर त्या फटीत तो उतरत होता. मी तेव्हा ते पाहिलं आणि मान फिरवली.

नव्या वस्तीत विहार सिमेंटचा आहे. भिंत गुळगुळीत, पांढरी. विहार समितीच्या यशवंतभाऊंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपल्या पेंटरभाऊची पोरगी पुन्याची आर्टिस्ट हाये. थे काढीन तसंच चित्र." रंग आणले, चढायला लाकडी घोडा आणला, आईला खुर्ची दिली. पोरं जमली. मी घोड्यावर चढले. फोटो होते माझ्याजवळ, पण मी म्हटलं, नदी तरी मला पाठ आहे. नदीपासूनच सुरू करू, बाबांसारखं. ब्रश निळ्या रंगात बुडवला, आडवी रेघ ओढायला हात उचलला.

हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, खाली आला. मला कळायच्या आत मधल्या जागेत अर्धं वर्तुळ पडलं होतं. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी पुसायला फडकं मागितलं, तर खालून आईच म्हणाली, "राहू दे वं. आता डोंगर हाये ना तिथी."

फडकं कुणी दिलं नाही. मी त्या डोंगरांच्या खाली पिंपळ काढला, त्याच्याखाली गंज घेतलेली सुजाता काढली, धान काढलं. चेहरा जमला नाही. परत निघताना पोरांनी मला भिंतीजवळ उभं करून सांगितलं, ताई, हे आमचं जुनं गाव, हे डोंगर, हा सूर्य. त्यातल्या कित्येकांनी नदी पाहिलेलीच नाही. घर म्हणजे आता तेवढी भिंत आहे, आणि तिच्यावरची चूक काही मला खोडता येत नाही, कारण ती पोरं खरं बोलतात.